माझं लग्न कोणी लावलं

परवा नात्यातल्या एका लग्नात मी भर मांडवात घोटाळा केला. लग्न लावणारे गृहस्थ कुणाशी तरी बोलत बाहेर गेले होते, तेवढ्यात पोरांनी माझ्या हातात माइक कोंबला. "काका, तुमी मोठे. त्रिशरण तुमीच द्या." आमच्याकडं त्रिशरण म्हणजे अवघ्या तीन ओळी. बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जातो, असं तीनदा म्हणायचं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक ओळीआधी 'दुतियम्पि' लावायचं आणि तिसऱ्या फेरीत 'ततियम्पि'. अंगणवाडीतली पोरंसुद्धा झोपेत म्हणतात. मी पहिली फेरी झोकात म्हटली, माइकवरचा आपलाच आवाज कानाला गोड लागला आणि त्या नादात सरळ ततियम्पिवर जाऊन उभा राहिलो. सगळा मांडव माझ्यामागं म्हणता म्हणता अर्ध्यात थबकला. पुढच्या खुर्चीवरची एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "कावो भाऊ, दुसरं कुठं ठेवलं? मोटारीतच राह्यलं का?"

मांडव हसला. मीही हसलो. मंडल ऑफिसात, म्हणजे आमच्याकडच्या तहसील कचेरीत, जन्म घालवलेल्या कारकुनाला आपल्या चुकीवर सगळ्यांच्या आधी हसण्याची कला येते, नाहीतर नोकरी टिकत नाही. पण खुर्चीवर येऊन बसलो आणि हसू आपोआप विरलं. कारण नेमका याच जागी मी पोरवयातही चुकायचो, आणि तेव्हा चूक दाखवायला कुणी बोलावं लागायचं नाही. आतल्या खोलीत सुमनची भाकर थांबायची.

सुमन माझी धाकटी बहीण. माझ्याहून तीन वर्षांनी लहान आणि बाकी सगळ्या बाबतीत मोठी. आमचं घर आदिलाबादहून बेल्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, दोन खोल्यांचं, पुढं कुडाची पडवी. बाबा तेलुगू हायस्कुलात अटेंडर. दिवसभर शाळेची घंटा वाजवायची, हेडमास्तरांना पाणी द्यायचं, आणि घरी आले की सदरा खुंटीला टांगून विहारात जायचं. आसपासच्या आठ-दहा गावांत कुणाचं लग्न असो, बारसं असो, माती असो, बाबांशिवाय वंदना व्हायची नाही. शाळेत ते ज्याला त्याला 'जी सार' म्हणायचे, पण पांढरं धोतर नेसून दोन्ही फोटोंपुढं उभे राहिले की त्यांचा आवाज असा निघायचा की तेलुगू शेजारीसुद्धा कुंपणाशी येऊन थांबायचे. हा आवाज आपल्यामागं मुलानं चालवावा अशी बाबांची इच्छा. मुलगा म्हणजे मी.

दिवे लावायच्या वेळेला पडवीत चटई पडायची. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये कंदील. आत चुलीपुढं सुमन भाकरी थापायची आणि माय अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी द्यायची. त्या फोडणीच्या वासानं माझं अर्धं लक्ष पोटाकडं जायचं. बाबा एक गाथा म्हणायचे, मी ती मोडून-तोडून परत करायचो. आतून भाकरीचा आवाज येत राहायचा, थप थप थप, एका लयीत. मी चुकलो की तो आवाज थांबायचा. ती काही बोलायची नाही, खोकायचीसुद्धा नाही. फक्त हात थांबायचे. बाबा डोळे मिटलेले तसेच ठेवून म्हणायचे, "थांब. भाकर थांबली. मागून घे." मी मागून घ्यायचो, बरोबर आलं की आत पुन्हा थप थप सुरू. माय कावायची, "तुमच्या शिकवनीपायी रोज एक भाकर करपते मायी. त्या पोरीले नोका गुतवू." करपलेली भाकर नेमानं माझ्या ताटात यायची. न्यायच होता तो.

आज आठवतं तेव्हा एकच गोष्ट टोचत राहते. चुकलं कुठं हे आतल्या पोरीला कळतं, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. तिच्या हातांवर त्यांचा स्वतःच्या कानांपेक्षा जास्त भरवसा होता. तरी बाबांनी तिला कधी चटईवर बोलावलं नाही. आणि मीही कधी सरकून बसलो नाही. चटई चार माणसांची होती.

मी अठरा-एकोणीस वर्षांचा असेन. एका हिवाळ्यात, दाराशी कापसाचा ढीग पडलेला असताना बाबांना लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. आठ-दहा गावांना ऐकू जाणारा आवाज गेला आणि मागं राहिला नुसता घशातला घरघराट. पुढच्या पौर्णिमेला विहारात मेणबत्त्या लागल्या, फुलं वाहिली, आणि म्हणणार कोण म्हणून सगळे एकमेकांकडं पाहू लागले. काकानं मला पुढं ढकललं. मी दुसऱ्या गाथेतच अडकलो. मागं बायकांत बसलेल्या सुमननं माझी तुटलेली ओळ उचलली आणि बसल्या जागेवरून शेवटपर्यंत नेली. त्यानंतर पौर्णिमेची वंदना ती घ्यायला लागली. बायका आणि पोरं यायची. पुरुष मंडळींना शेतात, चौकात कामं निघायची. खिरीच्या वेळेला मात्र सगळे बरोबर हजर. बाबांना मी धरून नेऊन भिंतीशी बसवायचो. ती म्हणायला लागली की त्यांचा चालता डावा हात मांडीवर हळूहळू ठेका धरायचा.

दोन-तीन वर्षांत तिचा आवाज बसत बसत पक्का झाला. गावातल्या बायका तिच्याकडं निराळ्या नजरेनं पाहायला लागल्या. कापूस वेचून कमरेत वाकलेल्या, दिवसभर कुणाचं तरी ऐकून घेतलेल्या बाया पौर्णिमेला धुतलेलं लुगडं नेसून यायच्या आणि विहारात ताठ बसायच्या. एकदा आमच्या शेजारची गिरजाबाई मायला म्हणाली, "तुयी पोरगी मनायले लागली का मले वाटते मीच मनून राह्यली." मी तिथंच खीर खात होतो. ऐकलं, आणि वाटी पुढं केली.

मी त्या काळात आदिलाबादच्या कॉलेजात शिकत होतो आणि स्त्री-पुरुष समानता या विषयावरच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता. बक्षीस म्हणून स्टीलची घागर मिळाली. ती मी मोठ्या अभिमानानं मायच्या हातात दिली, आणि माय दुसऱ्या दिवसापासून तीच घेऊन हापशीवर जायला लागली. तिच्या डोक्यावरची घागर मी कधी उतरवून घेतल्याचं मला आठवत नाही. भाषणातली वाक्यं मात्र अजून पाठ आहेत.

पुढं मला मंडल ऑफिसात चिकटवलं गेलं आणि लगेच लग्न ठरलं. मुलगी बेल्याकडच्या गावातली, प्रमिला नाव. पाहायला गेलो तेव्हा मी तिच्याकडं कमी आणि पोह्यांकडं जास्त पाहिलं, असं ती आजही सांगते. लग्न लावायला पैनगंगेपलीकडचे एक बौद्धाचार्य ठरले. बाबांच्या ओळखीचे, नावाजलेले. लग्नाच्या आठ दिवस आधी मी चुलीजवळ पाटावर बसून जेवत होतो, सुमन वाढत होती. वाढता वाढता, दुसरीकडं पाहत ती म्हणाली, "दादा, एक इचारू? तुयं लगन मी लावलं त?"

मी हसलो. तिनं भाजीचा डाव पातेल्यात ठेवला. "हासू नोको. मले सारं येते. प्रतिज्ञा येतात, अष्टगाथा येते. बाबाच्या तोंडून जसं होतं तसं येते. बाबाले आयकू दे ना एकडाव, पोराच्या लगनात."

"अव, ते पलीकडचे येऊन राह्यले ना."

"आले त आले. नाई आले त?"

"नाई आले त तूच लाव," मी म्हणालो, "तुयाशिवाय हाय कोन?" आणि ताट पुढं केलं. तिनं गरम भाकर वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला. माणसानं जेवताना शब्द देऊ नये. पोट भरलेलं असलं की काहीही देऊन टाकतो माणूस.

लग्न उन्हाळ्यात, मुलीच्या गावी. आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेलो. बाबांची खुर्ची ट्रॉलीच्या कठड्याला दोरानं बांधली होती आणि ऊन लागू नये म्हणून सुमन वाटभर त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. मांडवात वरण, भात, वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी, सगळं तयार. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजायला आले, आणि पलीकडचे बौद्धाचार्य काही येईनात. शेवटी सायकलवरून एक जण निरोप घेऊन आला. त्यांनी एकाच दिवसाची दोन लग्नं घेतली होती आणि पहिल्याच लग्नात ते अडकून पडले होते. लेकरं रडायला लागली. पांढऱ्या सदऱ्यातून माझा घाम झिरपत होता, आणि प्रमिला माझ्या शेजारी पांढऱ्या साडीत मान खाली घालून उभी होती.

आमच्या ट्रॉलीतल्या बायकांत कुजबुज झाली आणि गिरजाबाई उठून उभी राहिली. "आमची सुमन हाय ना! तिले सारं पाठ हाय."

"कोन सुमन?" प्रमिलाच्या मामांनी विचारलं. ते जंगलखात्यात जमादार होते. खाकी उतरली तरी आवाजातून उतरली नव्हती.

"नवरदेवाची बहीन."

"करवली? करवली लगन लावंल, मंग नवरदेवामागं पंखा घेऊन कोन उभं राहीन? मी?"

"उभे राहा ना मामा, बरे दिसान," गिरजाबाई म्हणाली, आणि बायका खळखळून हसल्या.

मामांच्या मिशा थरथरल्या. "हासू नोका व. उद्या लोकं इचारतीन का लगन लागलं का नाई. पोरीबाळीनं लावलेलं लगन असते का कुठं?"

काका मध्ये पडला. तो बिचारा दोन्हीकडून बोलणारा माणूस. "तसं पायलं त मनाई कुठंच नाई लिवली. पन तुमचंबी बराबर हाय. असं करा, नवरदेवाले इचारा. त्याचं लगन हाय, तो मनंल तसं."

सगळ्या मांडवानं माझ्याकडं पाहिलं. आयुष्यात तोच एक दिवस असा होता की माझ्या शब्दाला वजन होतं. त्याआधी नव्हतं आणि त्यानंतर तर नाहीच. मी सुमनकडं पाहिलं. ती फोटोंच्या टेबलाशी जाऊन उभीच होती. पदर खोचलेला, हात धुतलेले. विझू विझू झालेली मेणबत्ती तिनं आडोशाला सरकवून ठेवली होती आणि तांब्यातून दोन घोट पाणी पिऊन गळा मोकळा केला होता. तिनं माझ्याकडं पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत विनंती नव्हती. शब्द दिलेला असल्यावर विनंती कशाला करायची? आणि खुर्चीत बसलेल्या बाबांनी डावा हात उचलला, हळूहळू, आणि तिच्याकडं धरला. "बाबा मनते सुरू करा," काका म्हणाला. बाबा काय म्हणत होते ते मला समजलं होतं. मला आणि सुमनला.

मी म्हणालो, "ज्याच्याजवळ पुस्तक असंल त्यानं वाचावं. उगाच कशाले... सुमन, पुढच्या येळी."

"पुढच्या येळी?" मामा ओरडले. "किती लगनं करता जवाई?"

मांडव असा हसला की वरच्या तट्ट्या हलल्या. मीही हसलो, नेहमीप्रमाणे. त्या हशात सुमनचं काम निकालात निघालं. फाइल पुढं ढकलायची विद्या माझ्या अंगात नोकरीच्या आधीपासूनच होती.

प्रमिलाच्या नात्यातला एक लाइनमन पुढं आला. त्याच्याकडं दोन गोष्टी होत्या, खिशात वंदनेची पुस्तिका आणि ओठांवर मिशी. तेवढ्यावर तो उभा राहिला. पहिल्याच गाथेत त्याची गाडी रुतली. तो 'सम्मा'ला 'समा' म्हणायचा, श्वास नको तिथं घ्यायचा, बोट ओळीवरून घसरायचं. आणि तो थांबला की माझ्या पाठीमागून हलक्या आवाजात पुढचा शब्द यायचा. सुमन माझ्यामागं पंखा हलवत उभी होती. पंखा थांबत नव्हता, शब्द थांबत नव्हते. लाइनमन शब्द झेलायचा आणि मोठ्यानं म्हणायचा. प्रतिज्ञेच्या जागी आलो तर पुस्तिकेची दोन पानं चहा सांडून एकमेकांना चिकटलेली. तो थुंकी लावून पानं सोडवत राहिला, मांडव थांबून राहिला. तेव्हा मागून सुमन स्वच्छ, मोकळ्या आवाजात म्हणाली, "मी माझ्या पत्नीचा सदैव सन्मान करीन." बाबांचाच आवाज, फक्त वरच्या पट्टीतला. मी तिच्यामागून म्हणालो, "मी माझ्या पत्नीचा सदैव सन्मान करीन." तिचा अपमान करणार नाही, हेही म्हणालो. एकेक ओळ ती देत गेली, मी म्हणत गेलो. मागं वळून पाहायची हिंमत झाली नाही.

फुलं पडली, लग्न लागलं. मामांनी लाइनमनला शेला पांघरला आणि काकानं त्याची पाठ थोपटली. "एवढ्या उन्हातान्हात येळ मारून नेली पठ्ठ्यानं!" सुमन तोवर पंगतीत पुऱ्या वाढायला लागली होती. माझ्या पानाशी आली, दोन पुऱ्या टाकल्या आणि पुढं गेली. परत येताना ट्रॉलीत बाबा माझ्याकडं पाठ करून बसले. खुर्चीच तशी बांधली गेली होती, अशी मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घातली.

पुढच्या पौर्णिमेला बायका बोलवायला आल्या. सुमन म्हणाली, अंग दुखते. त्याच्या पुढच्या पौर्णिमेलाही अंगच दुखलं. मग बायका यायच्या थांबल्या, विहाराला कुलूप लागलं, आणि पौर्णिमेला फक्त मेणबत्ती पेटू लागली, तीही कुणाच्या लक्षात राहिली तर. वर्षभरानं बाबा गेले. त्यांच्या मातीच्या वेळी वंदना घ्यायला तालुक्याहून माणूस आणावा लागला, आणि ती म्हणू शकणारी पोर ओसरीवर तोंडात पदर धरून बसली होती. मी तिला 'म्हण' म्हणालो नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार होतो?

सुमनला उटनूरकडचा मास्तर नवरा मिळाला. पुढं ती स्वतःही आश्रमशाळेत शिक्षिका झाली, जंगलातल्या वाड्यांवरच्या मुलींना शिकवत निवृत्तीला आली. तिच्या शाळेतल्या पोरी पाहिल्या आहेत मी. वर्गात सरळ उभ्या राहून, साहेबाच्या डोळ्यांत पाहून उत्तर देतात. ते कुणी शिकवलं हे सांगायला नको. माझ्या ऑफिसात तिच्याच शाळेतली एक मुलगी साहेब म्हणून आली आणि तिनं माझ्या तीन फाइली परत पाठवल्या. मला आत कुठंतरी बरं वाटलं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी मोठी हिंमत करून उटनूरला गेलो. सुमननं जेवायला वाढलं. जेवण होईपर्यंत मी काही बोललो नाही. एवढं शहाणपण उशिरा का होईना आलं होतं. हात धुतल्यावर म्हणालो, "सुमे, पोरीचं लगन तू लाव. या येळी कोनी काई मनू दे."

तिनं माझं ताट उचलून मोरीत ठेवलं. मग म्हणाली, "येते मले अजून. रोज आंघोळीच्या येळी मनते मी, सारं. पन मांडवात नाई मनत दादा. तवा नुसतं मामानं नाई मनलं असतं, साऱ्या गावानं नाई मनलं असतं त मी भांडली असती. तू नाई मनलं."

एवढंच. राग नव्हता त्यात, ओरडणं नव्हतं. निघताना तिनं पोरीसाठी लाडवांचा डबा बांधून दिला आणि बस हलेपर्यंत फाटकाशी उभी राहिली.

घरी पोचलो तेव्हा दुपार उतरली होती. प्रमिला अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी टेकलो, चार शेंगा हातात घेतल्या आणि पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. चुलीपुढं दिलेला शब्द, बाबांचा हात, माझं ते 'पुढच्या येळी'. सुमन काय म्हणाली तेही सांगितलं. शेवटी म्हणालो, "माया लगनात मी माया बहिनीचं तोंड बंद केलं. एवढी एकच गोष्ट चुकली मायी."

प्रमिलानं सोललेले दाणे सुपात सारखे केले. मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "तुमचं एकट्याचं लगन होतं का ते? मीबी होती ना तिथं, तुमच्या बाजूले. काकानं तुमाले इचारलं, मामानंबी तुमच्याच तोंडाकडं पायलं. मले इचारलं असतं त मी हो मनली असती. एवढे वर्सं झाले, तुमी आजबी नाई इचारलं."